तांदळात मोजलेला सामुराई

एदो शहरात, म्हणजे आजच्या टोकियोत, सुमिदा नदीच्या काठी असाकुसा भागात शोगुनची, म्हणजे देशावर प्रत्यक्ष सत्ता चालवणाऱ्या लष्करी शासकाची, धान्याची प्रचंड कोठारे होती. वसंतात, उन्हाळ्यात आणि हिवाळ्याच्या तोंडाला अशी वर्षातून तीनदा, शोगुनच्या पदरी असलेल्या हजारो सामुराईंचा पगार या कोठारांतून वाटला जाई. हा पगार तांदळाच्या पोत्यांच्या रूपात असे. पहिल्या दोन हप्त्यांत प्रत्येकी पाव हिस्सा आणि नवे पीक आल्यावर उरलेला निम्मा. कमरेला दोन तलवारी लावून पोत्यांसाठी ताटकळत राहणे मानी माणसाला रुचण्यासारखे नव्हते, त्यामुळे हे काम अडत्यांकडे गेले. फुदासाशी म्हणून ओळखले जाणारे हे अडते सामुराईच्या वतीने तांदूळ उचलत, घरी लागेल तेवढा बाजूला काढून बाकीचा बाजारात विकत, आपली दलाली कापून घेत आणि उरलेली रोकड त्याच्या हवाली करत. पुढे ते येणाऱ्या हप्त्याच्या तारणावर उसने पैसेही देऊ लागले आणि त्यांची खरी कमाई या व्याजाचीच होती. १७२४ मध्ये शोगुनशाहीने अशा १०९ अडत्यांच्या संघाला अधिकृत मान्यता दिली, तोवर शोगुनच्या कितीतरी योद्ध्यांचे पुढचे हप्ते या सावकारांकडे गहाण पडलेले होते.

सामुराईची तलवार, त्याची स्वामिनिष्ठा आणि पोट चिरून मृत्यू पत्करण्याची त्याची रीत यांवर मराठीतही पुष्कळ लिहिले गेले आहे. या लेखात त्याच्याकडे पगाराच्या बाजूने पाहायचे आहे. जपानच्या सरंजामी समाजात कोण कोणाच्या वर होते, शेतकरी आणि योद्धा यांच्यात भिंत कशी उभी राहिली, व्यापारी दर्जाने खालचा असूनही बलवान कसा झाला आणि सात शतके सत्तेवर असलेला हा वर्ग अवघ्या दहा वर्षांत कसा नाहीसा झाला, या सगळ्या प्रश्नांची उत्तरे तलवारीपेक्षा तांदळाचा माग काढला तर लवकर सापडतात.

प्रथम त्या मापाविषयी. कोकु हे धान्याचे माप असून एक कोकु म्हणजे सुमारे १८० लिटर, वजनात साधारण दीडशे किलो तांदूळ. एका माणसाला वर्षभर एवढा तांदूळ पुरतो, असा ढोबळ हिशेब होता. तोकुगावा घराण्याच्या राजवटीत (१६०३ ते १८६८) जमिनीचे मोल, सरदाराचा मान आणि सामुराईची पायरी या सर्वांची मोजदाद कोकुमध्ये होत असे. ज्याच्या मुलखाचे पीक दहा हजार कोकु किंवा त्याहून अधिक धरले जाई, तो दाइम्यो, म्हणजे स्वतःचे संस्थान असलेला सरदार. असे दाइम्यो देशभरात २६० ते २७० होते आणि त्यांत सर्वांत मोठे, कागा संस्थानाचे माएदा घराणे, दहा लाख कोकुंच्या वर होते. मात्र हा आकडा हाती येणाऱ्या उत्पन्नाचा नसून जमिनीच्या अंदाजित पिकाचा आहे, हे लक्षात न घेतल्यास वाचकाची हमखास फसगत होते. शंभर कोकुंची जमीन नेमून दिलेल्या शोगुनच्या सामुराईला प्रत्यक्षात सुमारे पस्तीस कोकु मिळत, कारण उरलेले पीक शेतकऱ्याचे असे; आणि कोठारातून पगार घेणाऱ्याच्या बाबतीत हेच उत्पन्न शंभर पोती म्हणून लिहिले जाई. अगदी खालच्या पायरीवरच्या सामुराईला याखेरीज अमुक इतक्या माणसांचा शिधा मिळे, ज्यात एका माणसामागे दिवसाला जेमतेम ९०० मिलिलिटर तांदूळ धरलेला असे.

सामुराई मुळात असा पगारदार नव्हता. बाराव्या शतकात क्योटोतील सम्राटाच्या दरबारातले उमराव दूरच्या प्रांतांतील जहागिरींवर केवळ नावाचे मालक उरले होते आणि त्या जहागिरींची राखण करणारी, घोड्यावरून धनुष्य चालवणारी स्थानिक घराणी खऱ्या अर्थाने जमिनीवर बसलेली होती. ११८५ पर्यंत चाललेल्या युद्धात ताइरा घराण्याचा पाडाव करून मिनामोतो नो योरितोमो याने कामाकुरा येथे योद्ध्यांचे पहिले सरकार उभारले आणि ११९२ मध्ये त्याला शोगुन ही पदवी मिळाली. त्याच्या व्यवस्थेचा गाभा सरळ होता: योद्ध्याने लढाईत सेवा करायची आणि धन्याने त्याला जमिनीवरचा हक्क द्यायचा किंवा असलेला हक्क पक्का करायचा. हा रोखठोक व्यवहार होता, आणि त्या काळच्या योद्ध्यांना त्यात काही कमीपणा वाटत नसे. १२७४ मध्ये मंगोलांची पहिली स्वारी परतवल्यानंतर क्युशू बेटावरचा ताकेझाकी सुएनागा नावाचा एक लहानसा योद्धा आपले घोडे आणि खोगिरे विकून प्रवासखर्च उभा करत थेट कामाकुराला गेला. आपण सर्वांच्या पुढे घुसलो होतो आणि तरी बक्षीस मिळाले नाही, अशी तक्रार त्याने तिथे नेटाने मांडली आणि जमिनीवरचा अधिकार मिळवूनच तो परतला. पुढे हा सगळा पराक्रम त्याने एका लांबलचक चित्रगुंडाळीवर रंगवून घेतला, आणि ती आजही जपून ठेवलेली आहे.

सुएनागाला बक्षीस मिळाले, पण बहुतेकांना मिळाले नाही. १२८१ ची दुसरी स्वारीही परतवली गेली खरी, परंतु शत्रू समुद्रापलीकडचा असल्यामुळे जिंकलेली जमीन अशी काही नव्हतीच, आणि वाटायला जमीन नसलेल्या धन्याची पकड हळूहळू सैल होत गेली. कामाकुराचे सरकार १३३३ मध्ये कोसळले, त्यामागे हे एक मोठे कारण होते. याच काळात वाटण्यांमुळे जमिनीचे तुकडे होऊ नयेत म्हणून घराण्याची सर्व मालमत्ता एकाच मुलाकडे जाऊ लागली. कामाकुरा काळात सामुराई घरातल्या मुलींना वारसाहक्काने जमीन मिळे आणि त्या जमिनीचा कारभारही त्या पाहू शकत. नंतरच्या शतकांत तो हक्क गेला. सामुराई स्त्रीचे जे आज्ञाधारक चित्र आपल्यासमोर येते ते बरेचसे या नंतरच्या काळाचे आहे.

१४६७ मध्ये सुरू झालेल्या ओनिन युद्धानंतर शंभराहून अधिक वर्षे देशभर लढाया चालू राहिल्या. या काळात शेतकरी आणि योद्धा यांच्यातली रेषा पुसट होती. गावातला बरा शेतकरी नांगर ठेवून भाला उचले, लढाई संपली की पुन्हा शेतात जाई, आणि अंगात धमक असेल तर सरदारही होई. याचे सर्वांत ठळक उदाहरण म्हणजे तोयोतोमी हिदेयोशी. ओवारी प्रांतात अगदी सामान्य घरात जन्मलेला हा माणूस ओदा नोबुनागा या सरदाराच्या पदरी चढत चढत १५९० पर्यंत साऱ्या जपानचा स्वामी झाला. आणि ज्या वाटेने तो स्वतः वर आला, ती वाट त्याने आपल्या मागे बंद करून टाकली. १५८८ मध्ये त्याने शेतकऱ्यांकडची सर्व शस्त्रे गोळा करण्याचा हुकूम काढला. या लोखंडाचे खिळे क्योटोत बांधल्या जाणाऱ्या महाबुद्धाच्या मंदिरासाठी वापरले जातील, म्हणून शेतकऱ्यांना या जन्मी आणि पुढच्या जन्मीही पुण्य लागेल, असे त्या हुकमात म्हटले होते. १५९१ च्या दुसऱ्या हुकमाने सामुराईंच्या नोकरांना शेतकरी किंवा शहरवासी होण्यास आणि शेतकऱ्यांना शेत सोडून व्यापारात शिरण्यास मनाई केली. याच सुमारास देशभर जमिनीची मोजणी होऊन प्रत्येक शेताचे पीक कोकुमध्ये ठरवले गेले आणि ते कसणाऱ्याचे नाव दप्तरात चढले. माझ्या मते जपानी समाजरचनेच्या दृष्टीने ही मोजणी त्या शतकातल्या कोणत्याही लढाईपेक्षा महत्त्वाची होती.

या तीन गोष्टींचा एकत्रित परिणाम असा झाला की योद्ध्याला गाव सोडावे लागले. १६०० मध्ये सेकिगाहाराची लढाई जिंकून तोकुगावा इएयासु सत्तेवर आला आणि १६०३ मध्ये शोगुन झाला. १६१५ मध्ये त्याच्या सरकारने प्रत्येक संस्थानात एकच किल्ला ठेवून बाकीचे पाडण्याचा आदेश दिला. आता सामुराईने राहायचे ते त्या एका किल्ल्याभोवतीच्या शहरात. जमीन नेमून दिलेली असली तरी बहुतेक ठिकाणी तिचा कारभार दाइम्योच्या कचेरीकडे गेला आणि सामुराईच्या हाती राहिला तो ठरावीक तांदूळ. दक्षिणेकडचे सात्सुमा संस्थान याला मोठा अपवाद होते. तिथे लोकसंख्येचा सुमारे चौथा हिस्सा सामुराई होता आणि त्यांतले पुष्कळजण खेड्यांत राहून शेती करत. देशभरात मात्र सामुराई कुटुंबे लोकसंख्येच्या सहा-सात टक्क्यांच्या आसपास होती आणि ती जवळजवळ सगळी शहरांत एकवटलेली होती.

इकडे साठ हजारांहून अधिक खेड्यांपैकी बहुतेकांत एकही सामुराई उरला नाही. शेतसाऱ्याची जबाबदारी एकेका शेतकऱ्यावर नसून संपूर्ण गावावर होती. गावचा मुखिया आणि त्याचे सहकारी तो आपसांत वाटून गोळा करत, हिशेब लिहीत, पाण्याचे तंटे सोडवत. पिकाच्या चार किंवा पाच दशांशाएवढा सारा हा बोलायला जबरदस्त दर होता. पण जुन्या मोजणीनंतर फोडलेली नवी जमीन, सुधारलेले बियाणे, कापूस, रेशीम, नीळ यांसारखी रोकड पिके यांची पुरती नोंद शहरातल्या कचेरीत बसलेल्या कारकुनाला क्वचितच होत असे, आणि दर वाढवायचा प्रयत्न झाला तर गाव गप्प बसत नसे. तक्रारअर्जाखाली सह्या करताना शेतकरी आपली नावे वर्तुळाकार लिहीत, म्हणजे म्होरक्या कोण हे कळू नये. कारण म्होरक्याला मृत्युदंड ठरलेला असे.

योद्धा, शेतकरी, कारागीर आणि व्यापारी अशा चार पायऱ्यांचा समाज अशी जी मांडणी नेहमी दिली जाते, ती चिनी ग्रंथांतून घेतलेली आदर्श कल्पना होती. प्रत्यक्षात कायद्याच्या दृष्टीने मुख्य भेद तीन होते: सामुराई, खेड्यात राहणारे आणि शहरात राहणारे. कारागीर व्यापाऱ्याच्या वर आहे असे शहरात कोणी मानत नव्हते. या मांडणीबाहेर क्योटोचे दरबारी आणि भिक्षू होते, आणि तळाशी, किंबहुना समाजाबाहेरच, मेलेली जनावरे ओढणारे, कातडे कमावणारे आणि देहदंडाची कामे करणारे लोक होते. त्यांच्या वस्त्या वेगळ्या होत्या, त्यांच्याशी विवाहसंबंध निषिद्ध होता आणि त्यांचा स्पर्श अपवित्र मानला जाई. सामुराईच्या चिलखताचे चामडे मात्र त्यांच्याच हातून तयार होत असे आणि त्यासाठी दाइम्यो त्यांना मुद्दाम आपल्या मुलखात वसवत. १८७१ मध्ये कायद्याने हा भेद रद्द झाला. त्यांच्या वंशजांना लग्नाच्या आणि नोकरीच्या वेळी त्याचा त्रास पुढेही होत राहिला. मराठी वाचकाला यावर वेगळे भाष्य नको.

खुद्द सामुराईंमध्येही एकजिनसीपणा नव्हता. शोगुनच्या थेट सेवकांत सुमारे पाच हजार वरच्या दर्जाचे हातामोतो आणि सुमारे सतरा हजार खालच्या दर्जाचे गोकेनिन होते, आणि शोगुनसमोर हजर राहण्याचा मान फक्त पहिल्यांना होता. क्युशूतील नाकात्सु या मध्यम संस्थानात जन्मभराची पायरी कशी ठरलेली असे, याचे वर्णन एकोणिसाव्या शतकातले लेखक फुकुझावा युकिची यांनी करून ठेवले आहे. तिथले सुमारे पंधराशे सामुराई वरचे आणि खालचे अशा दोन गटांत विभागलेले होते; दोहोंत लग्ने होत नसत, बोलण्याची ढब वेगळी असे, आणि अगदी तळचा पायदळ सैनिक भर पावसातही वरच्या सामुराईसमोर पायातले काढून जमिनीवर डोके टेकत असे. फुकुझावांचे वडील तेरा कोकु आणि दोन माणसांच्या शिध्यावर होते. त्यांची नेमणूक ओसाकातील संस्थानाच्या वखारीवर होती, म्हणजे दिवसभर व्यापाऱ्यांशी कर्जाच्या वाटाघाटी करणे हेच त्यांचे काम. तरीही शिक्षक आपल्या मुलांना पाढे शिकवतो आहे हे कळताच ते संतापले आणि मुलांना त्यांनी शाळेतून काढून घेतले, कारण आकडेमोड शिकणे सामुराईच्या मुलांना शोभत नाही! ते स्वतः विद्वान होते, पण जन्माच्या पायरीमुळे वर चढू शकले नाहीत. युकिचीला मोठेपणी भिक्षू करायचे त्यांच्या मनात होते, कारण सामान्य घरातल्या मुलाला वर जायला मठाएवढी मोकळी वाट दुसरी नव्हती. सरंजामी दर्जाची ही व्यवस्था म्हणजे आपल्या बापाची वैरीण, असे फुकुझावांनी पुढे लिहिले. जपानच्या दहा हजार येनच्या नोटेवर १९८४ पासून चाळीस वर्षे ज्यांचा चेहरा होता, ते हेच गृहस्थ.

१६१५ मधला ओसाकाचा वेढा आणि १६३७-३८ मधले शिमाबाराचे बंड यानंतर सव्वादोनशे वर्षे जपानात मोठी लढाई झालीच नाही. मग योद्ध्यांनी करायचे काय? थोडेजण हिशेबनीस, न्यायाधीश, बंधारे पाहणारे अधिकारी झाले. पण कामे कमी आणि माणसे जास्त, त्यामुळे एकेक पद अनेकांत वाटले जाई. नागोयाच्या ओवारी संस्थानातील आसाही बुन्झाएमोन याने सतराव्या शतकाच्या अखेरीस सुरू केलेली रोजनिशी सुमारे पंचवीस वर्षे लिहिली. तिच्यातून शंभर कोकुंच्या या सामुराईचे आयुष्य दिसते: किल्ल्यावर पहाऱ्याची पाळी नऊ दिवसांतून एकदा, बाकी वेळ मासेमारी, नाटके, जुगार आणि दारू. पुढे त्याला बढती मिळाली ती किल्ल्यातल्या चटयांची देखभाल करणारा अधिकारी म्हणून.

मृत्यूला सतत सामोरे जाण्याचे तत्त्वज्ञान नेमके याच शांततेत बहरले, यात मला आश्चर्य वाटत नाही. अठराव्या शतकाच्या आरंभी मृत्यूविषयी ज्वलंत वचने सांगणारा सागा संस्थानाचा यामामोतो त्सुनेतोमो एकाही लढाईत उतरलेला नव्हता. बुशिदो, म्हणजे योद्ध्याची आचारनीती, हा शब्द जगभर नेणारे नितोबे इनाझो यांचे इंग्रजी पुस्तक तर १९०० मध्ये, सामुराई वर्ग संपल्यावर, आणि अमेरिकेत प्रसिद्ध झाले. सामुराईंची निष्ठा खोटी होती असा याचा अर्थ नाही, पण तिला भाकरीची बाजू होती. १७०१ मध्ये आको संस्थानाचा तरुण दाइम्यो आसानो याने शोगुनच्या वाड्यात एका अधिकाऱ्यावर तलवार उपसली. त्याच दिवशी त्याला मरणाची शिक्षा झाली, संस्थान जप्त झाले आणि त्याच्या पदरचे सुमारे तीनशे सामुराई एका फटक्यात रोनिन, म्हणजे धनी नसलेले आणि पगार नसलेले, झाले. त्यांपैकी बदला घेणारे सत्तेचाळीस जण नाटकांत अमर झाले. उरलेल्यांनी पोटासाठी काय केले, याची फारशी कोणी चौकशी करत नाही.

पगारदार सामुराईचीही ओढाताण काही कमी नव्हती, आणि तिचे मूळ व्यवस्थेतच होते. १६३५ पासून दाइम्योंना आलटून पालटून एक वर्ष एदोत आणि एक वर्ष आपल्या संस्थानात राहण्याची सक्ती झाली आणि त्यांची बायकामुले एदोत कायमची ओलीस राहिली. कागाच्या दाइम्योची मिरवणूक दोन-तीन हजार माणसांची असे आणि सुमारे पाचशे किलोमीटरचे अंतर तिला बारा-तेरा दिवसांत कापावे लागे. एदोतले वाडे, प्रवास आणि तिथली प्रतिष्ठा यांवर काही संस्थानांचा निम्म्याहून अधिक खर्च होई. हा खर्च रोख होता आणि उत्पन्न तांदळाचे. म्हणून तांदूळ ओसाकाच्या वखारींत जाई, तिथले व्यापारी तो विकत आणि पुढच्या वर्षीच्या पिकावर कर्ज देत. ओसाकातल्या दोजिमा येथील तांदळाच्या बाजाराला १७३० मध्ये अधिकृत मान्यता मिळाली. तिथे न पिकलेल्या, न पाहिलेल्या तांदळाचे वायदे रोज होत. जगातल्या अगदी सुरुवातीच्या संघटित वायदेबाजारांत त्याची गणना होते.

इथे एक विचित्र कोंडी निर्माण झाली. शेती सुधारली तसा तांदूळ वाढला आणि त्याचा भाव पडला. तेल, कापड, सरपण मात्र महागले. पीक चांगले आले की सामुराई गरीब होई. आठवा शोगुन तोकुगावा योशिमुने आयुष्यभर तांदळाचा भाव चढा ठेवण्याच्या मागे लागलेला होता, इतका की लोक त्याला तांदूळ-शोगुन म्हणत. पण भाव चढला की शहरातल्या गरिबांची उपासमार होई. १७३२ मध्ये पश्चिम जपानात कीड पडून दुष्काळ आला, भाव भडकले आणि पुढच्याच वर्षी एदोतल्या जमावाने एका बड्या तांदूळ व्यापाऱ्याचे घर फोडले. विचारवंत ओग्यू सोराई याने योशिमुनेला सुचवलेला उपाय मुळावर घाव घालणारा होता. शहरातला सामुराई खाणावळीत उतरलेल्या प्रवाशासारखा जगतो, जेवणाची काडीसुद्धा त्याला पैसे मोजून घ्यावी लागते, तेव्हा त्याला पुन्हा खेड्यात जमिनीवर पाठवा, असे त्याचे म्हणणे होते. सल्ला तर्कशुद्ध होता, पण तो मानला असता तर हिदेयोशीने उभारलेली सगळी रचनाच मोडली असती. तो मानला गेला नाही.

प्रत्यक्षात जे उपाय झाले ते मलमपट्टीचे. १७८९ मध्ये शोगुनशाहीचा मुख्य कारभारी मात्सुदाइरा सादानोबु याने असाकुसाच्या अडत्यांकडची पाच वर्षांपेक्षा जुनी कर्जे एका हुकमाने रद्द केली. या फटक्यात अडत्यांचे अकरा लाखांहून अधिक सोन्याचे ऱ्यो बुडाले. अडत्यांनी नवे कर्ज देताना हात आखडला आणि कर्जमाफी मिळालेला सामुराई वर्ष संपायच्या आत पुन्हा अडचणीत आला. संस्थाने तर आपल्याच सामुराईंकडून 'उसने' घेण्याच्या नावाखाली पगाराचा मोठा हिस्सा कापत, आणि ते उसने परत मिळत नसे. एदोतले खालच्या दर्जाचे सामुराई घरोघरी जोडधंदे करू लागले; आओयामा भागात छत्र्या बनत, ओकुबो भागातले शोगुनचे बंदूकधारी शिपाई अझेलियाची फुलझाडे वाढवून विकत. दुसरीकडे पैसेवाल्या माणसाला गरीब गोकेनिनच्या घरी दत्तक जाऊन त्याचा दर्जा विकत घेता येई. शोगुनशाहीच्या अखेरच्या दिवसांत एदो शहर रक्तपाताविना शत्रूच्या स्वाधीन करण्याची वाटाघाट करणाऱ्या कात्सु काइश्यू यांचे पणजोबा एचिगो प्रांतातून आलेले अंध गृहस्थ होते. एदोत सावकारी करून ते श्रीमंत झाले आणि त्या पैशातून त्यांनी आपल्या वंशजांना सामुराई केले.

योनेझावा संस्थानाचे उदाहरण मात्र वेगळे आहे. तिथल्या उएसुगी घराण्याचा मुलूख सेकिगाहारानंतर बारा लाख कोकुंवरून तीन लाखांवर आणि १६६४ मध्ये वारस न नेमता दाइम्यो वारल्यामुळे दीड लाखावर आला. पण पूर्वजांच्या अभिमानापायी घराण्याने सुमारे पाच हजार सामुराई कुटुंबे तशीच पोसली. १७६७ मध्ये क्युशूतल्या एका लहान संस्थानातून दत्तक आलेला पोरसवदा हारुनोरी गादीवर बसला, तेव्हा संस्थान शोगुनला परत करावे की काय इथवर चर्चा गेलेली होती. त्याने स्वतःचा वार्षिक खर्च १,५०० ऱ्योंवरून २०९ वर आणला, सुती कपडे आणि एका भाजीचे जेवण पत्करले आणि सामुराईंना पडीक जमीन फोडायला, पूल दुरुस्त करायला लावले. सामुराई घरांतल्या बायका रेशीम विणू लागल्या. १७७३ मध्ये सात ज्येष्ठ कारभाऱ्यांनी याविरुद्ध उठाव केला, कारण सामुराईच्या हाती कुदळ देणे त्यांना असह्य झाले. त्यांपैकी दोघांना मरणाची शिक्षा झाली. १७८० च्या दशकात ईशान्य जपानात भयानक दुष्काळ पडला तेव्हा योनेझावा त्यातून शेजाऱ्यांपेक्षा पुष्कळ सुखरूप बाहेर पडले. तिथले विणकाम आजही प्रसिद्ध आहे.

शोगुनशाही १८६८ मध्ये संपवली ती सात्सुमा आणि चोश्यू या संस्थानांच्या सामुराईंनी, आणि सामुराई वर्ग संपवला तोही बहुतांशी त्यांनीच. १८७१ मध्ये संस्थाने खालसा करताना नव्या मेइजी सरकारने, म्हणजे सम्राटाच्या नावाने चालणाऱ्या राजवटीने, त्यांची कर्जे आणि सामुराईंचे पगार स्वतःच्या अंगावर घेतले. काहीही काम न करणाऱ्या वर्गाच्या या पगारांवर सरकारचा सुमारे एक तृतीयांश खर्च होऊ लागला. १८७३ मध्ये सक्तीची लष्करभरती सुरू झाली आणि लढण्याचा जन्मसिद्ध अधिकार गेला. त्याच वर्षीच्या कायद्याने सारा तांदळाऐवजी रोख पैशांत ठरला. १८७६ च्या मार्चमध्ये तलवार बाळगण्यावर बंदी आली आणि ऑगस्टमध्ये उरलेले सर्व पगार सक्तीने सरकारी कर्जरोख्यांत बदलण्यात आले. इतिहासाच्या पुस्तकांत तलवारबंदीचा उल्लेख ठळक असतो, पण खरा घाव ऑगस्टचा होता.

या रोख्यांचा हिशेब पाहण्यासारखा आहे. सुमारे ३,१३,००० जणांना मिळून जवळपास १७ कोटी ४० लाख येनचे रोखे दिले गेले. जुन्या दाइम्योंच्या वर्गातील पाचशेच्या आसपास व्यक्तींना सरासरी साठ हजार येनहून अधिक मिळाले. त्यांनी ते बँकांत आणि पुढे रेल्वेत गुंतवले आणि त्यांचे बरे चालले. तळच्या अडीच लाखांहून अधिक सामुराईंच्या वाट्याला सरासरी चारशे येनच्या थोडे वर आले, ज्यावरचे सात टक्के व्याज वर्षाला तीस येनही भरत नव्हते. रोजंदारीवरचा मजूर याहून अधिक मिळवत असे. असंतोष आधीच धुमसत होता. १८७४ मध्ये सागा येथे आणि १८७६ मध्ये कुमामोतो, आकिझुकी व हागी येथे उठाव झाले. १८७७ मध्ये खुद्द क्रांतीचा नेता साइगो ताकामोरी सात्सुमाच्या हजारो सामुराईंसह बंडात उतरला. त्याचा मोड करणाऱ्या सैन्यात सक्तीने भरती केलेली शेतकऱ्यांची मुले मोठ्या संख्येने होती.

बाकीच्यांनी मिळेल ते केले. पुष्कळजण पोलीस, शिक्षक, सरकारी कारकून झाले. शोगुनच्या पदरचे काही माजी सामुराई शिझुओकाजवळच्या माकिनोहारा पठारावर चहाचे मळे लावण्यासाठी गेले. १८७२ मध्ये उघडलेल्या तोमिओकाच्या सरकारी रेशीम गिरणीत सामुराई घरांतल्या मुली यंत्रावर काम शिकायला गेल्या. रोखे विकून दुकान काढणाऱ्यांपैकी बरेचजण बुडाले आणि सामुराईचा व्यापार ही जपानी भाषेत चेष्टेची गोष्ट होऊन बसली. पाढे शिकवणाऱ्या शिक्षकावर रागावलेल्या बापांची ती पिढी होती.

रोखे सांभाळून ठेवणाऱ्यांचेही भले झाले नाही. सात्सुमाचे बंड मोडण्यासाठी सरकारने भरमसाट नोटा छापल्या आणि १८७७ ते १८८० या काळात तांदळाचा भाव जवळपास दुप्पट झाला. तांदूळ विकून रोख सारा भरणाऱ्या शेतकऱ्याला ही तेजी पावली. अडीचशे वर्षे भाव चढण्याची वाट पाहिलेल्या सामुराईला मात्र आता येनमध्ये ठरलेले व्याज मिळत होते आणि तांदूळ बाजारातून विकत घ्यायचा होता.